ऐंशीच्या दशकातील डिस्को : ताल, कॅसेट आणि स्मरण

विषयाची व्याप्ती

डिस्को हा १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत आकाराला आलेला नृत्यसंगीताचा प्रकार. नृत्यगृहात ध्वनिमुद्रिका लावून रात्रभर खंड न पडता नाचता यावे, हा त्याचा मूळ हेतू. भारतात तो १९८०च्या सुमारास हिंदी चित्रपटांतून आला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकला. त्या वेळी शाळा-महाविद्यालयात असलेली पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ती गाणी लागली की एरवी संकोची असणारी माणसेही उठून नाचू लागतात. या ओढीमागे तालाची घडण आहे, गाणे वाहून नेणारे तंत्र आहे आणि मेंदूची स्मरणपद्धतीही आहे. भारतातील बहुसंख्य श्रोत्यांनी डिस्को नृत्यगृहात ऐकलाच नाही. तो त्यांना भेटला पडद्यावर, कॅसेटवर आणि मंडपात. त्याची आठवण कशी घडली हे पाहताना ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे.

तालाची घडण

डिस्कोचे आवर्तन चार मात्रांचे असते. प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा सारखा, जड ठोका पडतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रम किंवा टाळीचा आवाज येतो. दोन मात्रांच्या बरोबर मध्ये हाय-हॅट ही जोडझांज उघडते आणि तिचा ‘त्स’ असा फुत्कार ऐकू येतो. बास गिटार पुष्कळदा एकच स्वर खालच्या आणि वरच्या सप्तकात आलटूनपालटून वाजवते. त्यावर व्हायोलिनचे ताफे, ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे तुकडे आणि गिटारची कोरडी खरवड रचली जाते. लय बहुधा मिनिटाला ११० ते १३० मात्रांची असते. माणूस रमतगमत न चालता ठाम चालीने चालू लागला की पावलांची गतीही साधारण याच पट्ट्यात येते, म्हणून हा ताल शिकावा लागत नाही.

यातील प्रत्येक थराचे काम वेगळे आहे. बास ड्रम पावलाला जमीन दाखवतो, टाळी वरच्या अंगाला हालचाल देते, आणि मधली झांज पाऊल उचलण्याचा क्षण सांगते. ठोका अगदीच सरळ असेल तर कंटाळा येतो, फार आडवळणाचा असेल तर शरीर गोंधळते. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्या प्रयोगात हेच दिसले : मध्यम गुंतागुंतीचे ठेके ऐकताना नाचावेसे वाटण्याची भावना सर्वाधिक होती. डिस्कोत पाया सरळ आणि त्यावरची बास व गिटार थोडी तिरकी असते. भारतीय कानाला आणखी एक सोय होती. आठ मात्रांचा केरवा किंवा भजनी ठेका ज्याच्या हातात बसला आहे, त्याला चार मात्रांचे हे चक्र परके वाटत नाही. ढोलकीवाल्यांनी डिस्कोची गाणी फारशी तालीम न करता उचलली, ती यामुळे.

उगम आणि पश्चिमेतील उतार

न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्क्युसो याने १९७० साली आपल्या राहत्या जागेत ‘द लॉफ्ट’ नावाने नृत्यमेळावे सुरू केले. अशा ठिकाणी जमणारे लोक प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिन वंशाचे आणि समलिंगी होते. शहराच्या प्रतिष्ठित क्लबांत त्यांना सहज प्रवेश नव्हता. संगीताचा कच्चा माल फिलाडेल्फियातून आला. तिथल्या अर्ल यंग या ड्रमवादकाने १९७३च्या एका ध्वनिमुद्रणात हाय-हॅटची उघडझाप आणि चारही मात्रांवरचा ठोका ज्या पद्धतीने जोडला, तीच पुढे या प्रकाराची ओळख झाली. १९७६मध्ये बारा इंची सिंगल तबकडी विक्रीला आली. रुंद तबकडीवर खाचा मोकळ्या करता येतात, त्यामुळे खर्ज अधिक ताकदीने कोरता येतो आणि गाणेही लांबवता येते. पुढच्याच वर्षी म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी डोना समरसाठी केलेल्या ‘आय फील लव्ह’ या गाण्यात सगळा वाद्यमेळ जवळजवळ संपूर्णपणे मूग सिंथेसायझरवर उभा केला. यंत्राने वाजवलेले संगीतही अंगात भिनू शकते हे या गाण्याने दाखवले.

१९७७च्या अखेरीस आलेल्या ‘सॅटर्डे नाइट फीवर’ या चित्रपटाने डिस्को घराघरांत नेला, आणि अतिरेकाने तो लवकर नकोसाही केला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, प्रेक्षकांनी आणलेल्या डिस्को तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊ शकला नाही. त्या रागात संगीताच्या नावडीबरोबर ते संगीत घडवणाऱ्या समाजांविषयीचा आकसही होता, असे नंतरच्या अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. अमेरिकेतील कंपन्यांनी हात आखडता घेतला. भारतात मात्र याच्या पुढच्याच वर्षी ‘कुर्बानी’ हा हिंदी चित्रपट आला आणि डिस्कोची लाट सुरू झाली.

लंडनमार्गे मुंबई

बेंगळुरूत जन्मलेले बिड्डू हे लंडनमध्ये स्थिरावलेले निर्माते-संगीतकार. १९७४मध्ये कार्ल डग्लस या गायकासाठी त्यांनी निर्मिलेले ‘कुंग फू फायटिंग’ जगभर गाजले होते. फिरोझ खान यांच्या ‘कुर्बानी’चे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे, पण त्यातील ‘आप जैसा कोई’ हे एक गाणे बिड्डूंनी केले आणि ते लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले. गायिका होती कराचीत जन्मलेली, तेव्हा पंधरा वर्षांची असलेली नाझिया हसन. मुंबईच्या स्टुडिओंत त्या काळी बहुतांश गाणी गायक आणि मोठा वाद्यवृंद एकत्र बसवून घेतली जात. लंडनला प्रत्येक वाद्य वेगळ्या मार्गावर टिपून, नंतर त्यांचे प्रमाण ठरवण्याची रीत होती. त्यामुळे या गाण्यातील बास ड्रम आणि बास गिटार हिंदी चित्रपटगीताच्या श्रोत्याने पूर्वी कधी ऐकले नव्हते इतके पुढे, स्वच्छ आणि कोरडे आले. नाझियाचा आवाजही पार्श्वगायनाच्या रुळलेल्या वळणाबाहेरचा होता : हरकती नाहीत, फेक नाही, किंचित सानुनासिक आणि घरातल्या मुलीसारखा.

या गाण्यासाठी १९८१ साली तिला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्याच सोहळ्यात संगीतकाराचा पुरस्कार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना ‘कर्ज’साठी मिळाला, आणि ‘कर्ज’मधील सर्वांत गाजलेले गाणेही फिरत्या भव्य तबकडीवर चित्रित झालेले नृत्यगीतच होते. प्रवाह वळल्याची ही अधिकृत नोंद म्हणता येईल. त्याच वर्षी बिड्डू, नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम निघाला. चित्रपटाचा आधार नसलेले गाणे भारतात एवढे खपू शकते हे त्याने सिद्ध केले. पुढच्या दशकातील इंडिपॉपचा पाया इथे आहे. नाझियाचे १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये निधन झाले. तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती.

मुंबईची घडण : बप्पी लाहिरी आणि वादक

लंडनहून आलेले गाणे देखणे होते, पण मुंबईला रोज पुरेल असा माल मुंबईतच तयार व्हावा लागतो. ते काम सर्वाधिक केले बप्पी लाहिरी यांनी. १९७९च्या ‘सुरक्षा’पासून त्यांनी मिथुन चक्रवर्तीसाठी नृत्यगीते रचायला सुरुवात केली. मिथुन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी, मृणाल सेन यांच्या ‘मृगया’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला. त्याच्या अंगात जी लवचीकता होती तिला शोभेल असा ठेका बप्पीदांनी दिला. १९८०च्या ‘प्यारा दुश्मन’ आणि १९८१च्या ‘अरमान’मध्ये उषा उथुप यांच्या जड, खर्जातल्या आवाजाने या संगीताला वेगळे वजन आले. मुंबईत वाढलेल्या, कांजीवरम नेसून नाइटक्लबात गाणाऱ्या या गायिकेचा आवाज शालेय वयात ‘गाण्यासाठी अयोग्य’ समजला गेला होता. डिस्कोला हवा होता तो नेमका असाच आवाज.

१९८२च्या डिसेंबरात बी. सुभाष यांचा ‘डिस्को डान्सर’ प्रदर्शित झाला. रस्त्यावर गाणारा गरीब मुलगा मोठा तारा होतो, ही कथा साधी आहे. पण तिच्यातील प्रत्येक वळण गाण्यावर उभे आहे. विजय बेनेडिक्ट, पार्वती खान, उषा उथुप आणि स्वतः बप्पी लाहिरी यांचे आवाज त्यात आहेत. म्हणजे लता-रफी-किशोर-आशा या परंपरेबाहेरच्या आवाजांवर एका मोठ्या चित्रपटाचा बराचसा भार आहे. सोव्हिएत संघात हा चित्रपट १९८४मध्ये लागला आणि सुमारे ६ कोटी प्रेक्षकांनी तो पाहिला. मध्य आशियातील देशांत आजही भारतीय प्रवाशाला पाहून या चित्रपटाच्या नायकाची, ‘जिमी’ची, आठवण काढली जाते. ब्रिटिश-श्रीलंकन गायिका एम.आय.ए. हिने २००७मध्ये त्यातील गाणे नव्याने गायले.

या गाण्यांचे श्रेय वादकांनाही द्यायला हवे. मुंबईच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम आणि व्हायोलिन वाजवणाऱ्यांत गोव्याच्या कलावंतांचा भरणा मोठा होता. चर्चच्या संगीतशाळांत स्वरलेखन शिकलेले हे वादक कागदावरची रचना पाहताक्षणी वाजवू शकत. खुद्द प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. मूग सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणला केर्सी लॉर्ड या पारशी वादकाने, १९७०च्या दशकातच. डिस्कोची लाट येण्यापूर्वी तिची साधने आणि ती हाताळणारे हात मुंबईत तयार होते. मराठी चित्रपटातही हा नवा बाज पोहोचला. सचिन पिळगावकर यांच्या १९८७च्या ‘गंमत जंमत’मध्ये अरुण पौडवाल यांनी पाश्चात्त्य नृत्यठेक्यावर बांधलेले ‘अश्विनी ये ना’ किशोरकुमार यांच्याकडून गाऊन घेतले, आणि मराठी लग्नांच्या वरातीत ते आजही वाजते.

नृत्यगृहाविना नृत्यसंगीत

मुंबई-दिल्लीतील पंचतारांकित हॉटेलांत डिस्कोथेक होते, पण तिथला प्रवेश मूठभरांपुरता. गिरगाव, परळ, इचलकरंजी किंवा जळगाव येथील मुलामुलींसाठी आरशांचा गोळा आणि पेटती-विझती फरशी ही पडद्यावरची वस्तू होती. अमेरिकेत नृत्यगृह आधी आले आणि त्याच्या गरजेतून संगीत घडले. भारतात संगीत आधी आले. नाचायची जागा ज्याची त्याने शोधली. सोसायटीची गच्ची, गॅदरिंगचे स्टेज, लग्नाची वरात, विसर्जनाची मिरवणूक या त्या जागा. त्यामुळे या संगीताचा सामाजिक अर्थही बदलला. न्यूयॉर्कमध्ये ते एका वगळल्या गेलेल्या समाजाचे, बंद दारांआडचे संगीत होते. इथे ते उघड्यावर, सर्व वयांच्या लोकांदेखत वाजले. आजी खुर्चीत बसलेली आहे, काका कडेला उभे आहेत आणि मुले मध्ये नाचत आहेत, अशा दृश्यात डिस्को कोणत्याही पाश्चात्त्य शहरात क्वचितच ऐकला गेला असेल. माझ्या मते भारतीय डिस्कोचे खरे वेगळेपण चालींपेक्षा या ऐकण्याच्या जागेत आहे.

कर्ण्यातून ऐकलेला डिस्को

जागेचा परिणाम आवाजावरही होतो. डिस्कोच्या बास ड्रमची मुख्य ऊर्जा साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास असते. मंडपाच्या बांबूला बांधलेला पत्र्याचा कर्णा भाषणासाठी योग्य. काहीशे हर्ट्झच्या खालचे ध्वनी तो जवळजवळ फेकतच नाही. कर्ण्यातून डिस्को ऐकला की पाया गळून पडतो. उरते ते टाळी, झांज, सिंथेसायझरची शिट्टी आणि गायकाने पुकारलेली छोटी, टोकदार अक्षरे. मिथुनच्या गाण्यांतील ‘हा-हू’, श्वासांचे हुंकार, नावांचा जप आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमचा घसरत जाणारा ‘प्यू’ हे सारे मध्यम कंप्रतेच्या पट्ट्यात येते, म्हणून ते दोन गल्ल्या ओलांडून ऐकू जाई. ज्यांनी ही गाणी लहानपणी मंडपात ऐकली, त्यांना चांगल्या हेडफोनवर ती पुन्हा ऐकताना त्यातील बास गिटार जणू प्रथमच भेटते. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम २००० सालचा. त्यापूर्वीच्या गणेशोत्सवात एकच कॅसेट दहा दिवस, उशिरापर्यंत, अनेकदा उलटसुलट लागत असे. विषय पक्का करण्यासाठी शिक्षक जी उजळणी घेतात तीच इथे नकळत घडली.

कॅसेटचे कार्य

फिलिप्स कंपनीने १९६३मध्ये आणलेल्या कॉम्पॅक्ट कॅसेटमध्ये ३.८१ मिलिमीटर रुंदीची, लोहप्राणिदाचा थर दिलेली प्लास्टिकची फीत असते. ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने चुंबकीय हेडसमोरून सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला तीस मिनिटे मावतात, म्हणजे फितीची लांबी सुमारे ८६ मीटर भरते. वेग इतका मंद आणि पट्टी इतकी अरुंद की पार्श्वभूमीला सरसर येणारच. पण तिचे गुण भारतासाठी निर्णायक ठरले : ती तबकडीपेक्षा स्वस्त, धक्क्याने न उडी मारणारी, बॅटरीवर चालणारी आणि कोणालाही पुन्हा भरता येणारी होती.

१९७०च्या दशकाअखेर आयातीचे निर्बंध काहीसे सैल झाले. आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांनी कोकणातल्या घरी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेली यंत्रे, आणली. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी कॅसेटची किंमत खाली ओढली आणि ग्रामोफोन कंपनीची दीर्घकाळची मक्तेदारी मोडली. ‘कॅसेट कल्चर’ या १९९३च्या ग्रंथात पीटर मॅन्युएल यांनी या बदलाचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की संगीताच्या उत्पादनावरचा मोठ्या कंपन्यांचा ताबा सुटला आणि प्रादेशिक, स्थानिक संगीताला बाजार मिळाला. कोळीगीते, भीमगीते, जागरण-गोंधळ यांच्या कॅसेट आणि ‘डिस्को डान्सर’ची कॅसेट एकाच टपरीवर शेजारी लटकू लागल्या.

दुकानात यादी देऊन कॅसेट भरून घेणे ही त्या काळाची खास रीत. श्रोता कागदावर गाण्यांची नावे लिहून देई, दुकानदार कोऱ्या फितीवर ती उतरवून देई. कायद्याने हे बहुधा बसत नव्हते, पण प्रत्येक शहरात ते उघड चाले. या रीतीने श्रोत्याला प्रथमच स्वतःचा क्रम ठरवता आला. नृत्यगृहात तबकड्या लावणारा गाण्याला गाणे जोडतो ते काम इथे घरातल्या थोरल्या बहिणीने किंवा भावाने केले. क्रमाचीही आठवण राहते. एक गाणे संपत आले की पुढचे कोणते येणार हे मनात आधीच वाजू लागते, आणि रेडिओवर तिथे भलतेच गाणे आले की चुकल्यासारखे वाटते. फीत गुंतली की पेन्सिल घालून ती गुंडाळणे, रेकॉर्डरचा पट्टा सैल झाला की गाणे संथ व खालच्या पट्टीत वाजणे, प्रतीवरून प्रत काढली की झांजेचा आवाज मरणे, या साऱ्या दोषांसकट त्या गाण्याची ओळख ठरली. अनेकांच्या मनातील मूळ पट्टी ही प्रत्यक्षात घरच्या यंत्राच्या मोटारीची पट्टी आहे.

दांडिया, बेंजो, कॅसिओ

ऐकलेले संगीत लगेच वाजवूनही पाहिले गेले. कल्याणजी-आनंदजींचे धाकटे बंधू, तालवादक बाबला यांनी मुंबईच्या नवरात्रात दांडियाच्या आठ मात्रांवर इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि सिंथेसायझर बसवून ‘डिस्को दांडिया’ रूढ केला. ‘कुर्बानी’तील ‘लैला ओ लैला’ अमित कुमारसह गाणाऱ्या कांचन या बाबलांच्या पत्नी. या दोघांच्या वृंदाने पुढे त्रिनिदादसारख्या कॅरिबियन देशांतील भारतीय वंशाच्या श्रोत्यांतही मोठे स्थान मिळवले. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्ट्यांनी तारांचे वाद्य विजेवर जोडून तीच गाणी रस्त्यावर आणली. कॅसिओचे छोटे कीबोर्ड आले, आणि त्यांत बटण दाबताच वाजणारे तयार ठेके होते. ‘डिस्को’ हा त्यांतला एक. १९८५पासून रोलँडचा ऑक्टोपॅड मिळू लागला. आठ रबरी चौकटींवर काठीने मारून संपूर्ण ड्रमसेटचा आवाज काढता येऊ लागला, आणि गावोगावच्या ऑर्केस्ट्रांचे सामान एका टेम्पोत मावले.

एक बाजूला राहिलेली तबकडी

या दशकातील सर्वांत धाडसी प्रयोग मात्र कोणाच्या आठवणीत नाही. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदातील मुरलेले वादक. १९८२मध्ये त्यांनी रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बासयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर जोडून ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. भैरव, ललित, भूपाली, यमन असे दहा राग, खाली अथक यांत्रिक ठोका. तबकडी खपली नाही. पुढे १९८७मध्ये शिकागोतील फ्यूचर या गटाच्या ध्वनिमुद्रणाने टीबी-३०३चा चुरचुरणारा आवाज ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून जगभर नेला. २०१०मध्ये नेदरलँड्समधून चरणजित सिंग यांच्या तबकडीची नवी आवृत्ती निघाली तेव्हा साम्य ऐकून युरोपातील जाणकार थक्क झाले. शिकागोच्या मंडळींना ती ठाऊक असण्याची शक्यता नाही. दोघांच्या हाती तीच यंत्रे आली, म्हणून जवळचे आवाज निघाले. २०१५मध्ये सिंग यांचे निधन झाले. त्याआधी उतारवयात त्यांनी युरोपच्या रंगमंचांवर ही रचना प्रत्यक्ष सादर केली. गुणवत्ता असूनही तिची आपल्याकडे स्मृती नाही, कारण ती ना पडद्यावर गेली, ना मंडपात. स्मरणासाठी संगीताला ठिकाण लागते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

स्मरणाची यंत्रणा

ताल ऐकताना माणूस स्वस्थ बसला असला तरी मेंदूतील हालचालींचे नियोजन करणारे भाग, विशेषतः बेसल गँग्लिया आणि पूरक प्रेरक क्षेत्र, सक्रिय होतात. नृत्यसंगीत कानाबरोबर स्नायूंच्या अनुभवातूनही नोंदले जाते, आणि सायकल चालवण्यासारखी शारीरिक स्मृती सहसा टिकाऊ असते. पीटर जनाटा यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीचे, आयुष्यातील प्रसंगांशी जोडलेले गाणे ऐकताना मेंदूच्या पुढच्या भागातील मध्यवर्ती क्षेत्र विशेष क्रियाशील झालेले दिसले. अल्झायमर रोगात हा भाग तुलनेने उशिरा बाधित होतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना जुनी गाणी का ओळखता येतात, याचा एक धागा इथे आहे.

आयुष्यातील साधारण दहा ते तीस वर्षे या वयातील प्रसंग पुढे सर्वाधिक आठवतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. पहिली मैत्री, पहिले प्रेम, घराबाहेरचे पहिले वास्तव्य याच काळात घडते. १९८२मध्ये पंधरा वर्षांच्या असलेल्या मुलीला त्या वर्षीची गाणी का चिकटतात, ते यावरून कळते. पण १९९५मध्ये जन्मलेल्या मुलांनाही ती प्रिय आहेत. कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३मध्ये वीस वर्षांच्या आसपासच्या अमेरिकन तरुणांना जुन्या-नव्या गाण्यांचे तुकडे ऐकवले. स्वतःच्या काळातील गाण्यांखेरीज आईवडील तरुण असतानाच्या, म्हणजे १९८०च्या सुमाराच्या, गाण्यांशीही त्यांची भावनिक जवळीक दिसली. साठच्या दशकातील गाण्यांबाबतही तसाच उंचवटा आढळला. घरात वाजणारे संगीत पिढी ओलांडून पोहोचते. भारतात एकाच खोलीत तीन पिढ्या एकच टेप ऐकत होत्या. तिथे हा प्रवाह आणखी जोरकस असणार. २०१२च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये नाझियाचाच आवाज वापरून ‘डिस्को दीवाने’ पुन्हा आले, ते या दुहेरी श्रोतृवर्गाच्या भरवशावर.

तिसरा घटक सोबतीचा. एका तालात एकत्र हललेल्या माणसांमध्ये परस्परांविषयी आपुलकी आणि सहकार्य वाढते, असे प्रयोगांत दिसून येते. म्हणून गाणे आठवते तेव्हा बरोबर नाचणारे चेहरेही आठवतात. पुष्कळदा गाणे हे निमित्त असते आणि खरी ओढ त्या माणसांची असते.

मर्यादा

स्मरण निवडक असते. ऐंशीच्या दशकात डिस्कोच्या नावाखाली निघालेल्या गाण्यांपैकी बहुतेक सामान्य होती आणि ती रास्तपणे विस्मरणात गेली. उरलेल्या पंधरावीस गाण्यांवरून सारे दशक सोनेरी ठरवले जाते. चालींच्या उसनवारीचा प्रश्नही टाळता येत नाही. ‘प्यारा दुश्मन’मधील गाजलेले गाणे इरप्शन या गटाने लोकप्रिय केलेल्या ‘वन वे तिकीट’वर, तर ‘डिस्को डान्सर’मधील एक गाणे बगल्सच्या ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’वर उघडपणे बेतलेले आहे, आणि मूळ रचनाकारांचा उल्लेख नाही. ठेका, शब्द आणि गायकी यांत भारतीय भर मोठी आहे हे मान्य करूनही श्रेय द्यायला हवे होते.

सर्वांत मोठी किंमत वादकांनी मोजली. सिंथेसायझर आणि तालयंत्र स्वस्त झाले तसे साठ-सत्तर जणांचे वाद्यवृंद लहान होत गेले. ज्या गोवेकर व पारशी कलावंतांच्या हातांनी हे संगीत उभे राहिले, त्यांच्यापैकी अनेकांचे काम दशकाअखेर आटले. ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ या ग्रंथात या वादकांच्या मुलाखती आहेत. डिस्कोवर प्रेम असणाऱ्या प्रत्येकाने त्या वाचाव्यात इतक्या मोलाच्या आहेत. १९८८च्या ‘कयामत से कयामत तक’ आणि १९९०च्या ‘आशिकी’ने मेलडीची लाट परत आणली, पण तोपर्यंत स्टुडिओचे अर्थकारण बदलून गेले होते.

जतन

कॅसेटची फीत तुटण्यापूर्वीही बिघडत असते. मुंबई आणि कोकणाच्या दमट हवेत तिच्यावर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच वाजवली तर बुरशी हेडवर आणि तिथून इतर कॅसेटवर जाते. फितीला हेडवर दाबणारी छोटी गादी सरस सुकून गळते. हेडचा कोन मूळ ध्वनिमुद्रणाशी जुळत नसेल तर वरचे स्वर मंद येतात, आणि तो कोन छोट्या स्क्रूने जुळवता येतो. संगणकावर उतरवताना एमपी-३ न करता २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ अशा असंकुचित स्वरूपात प्रत काढणे चांगले. छोटी प्रत नंतर केव्हाही करता येते. चित्रपटांची गाणी कंपन्यांकडे सुरक्षित आहेत, त्यासाठी धावपळ नको. निकड आहे ती घरी भरलेल्या कॅसेटची : गॅदरिंगमधील ऑर्केस्ट्रा, मंडळासमोर वाजलेली बेंजो पार्टी, लग्नाच्या वरातीतला बँड. ही ध्वनिमुद्रणे दुसरीकडे कुठेही नाहीत, आणि भारतातला डिस्को प्रत्यक्ष ज्या रूपात जगला गेला ते रूप त्यांच्यातच आहे. उतरवताना फाइलसोबत गाव, वर्ष, प्रसंग आणि वाजवणाऱ्यांची नावे नोंदवावी लागतात, कारण कंपनीच्या कॅसेटवर असते तशी छापील माहिती या कॅसेटवर नसते.